सासूबाईंच्या चौऱ्याऐंशी फेऱ्या

आमच्या सासूबाई, सायरबाई, घरात कुठे आहेत हे कधी शोधावं लागलं नाही. आधी त्यांचा श्वास यायचा, मग पायांतल्या चांदीच्या कड्यांचा आवाज, आणि सगळ्यांत शेवटी त्या स्वतः यायच्या. दुकानावरच्या माडीला अकरा पायऱ्या होत्या. सहाव्या पायरीवर त्या बसायच्या, आणि दमून बसल्या असं कुणाला वाटू नये म्हणून तिथूनच कुणाला तरी रागवायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, सहाव्या पायरीवरून रागवायची या घरात रीतच असावी.

मी जालन्याची, सातवी पास, एक्कावन्न साली लग्न होऊन परतूरला आले. घरात आम्ही मारवाडीच बोलायचो; सून म्हणून मी सगळ्यांची 'बिनणी'. इथे सगळ्यांना मराठीत बोलायला लावते आहे, त्याबद्दल सासूबाईंनी माफ करावं. सासऱ्यांची, उत्तमचंदजींची, कापसाची आडत होती. माणूस मोठा थट्टेखोर, आणि थट्टेचा विषय शोधायला त्यांना घराबाहेर जावं लागत नसे.

सासूबाईंचा एक नवस फेडायचा राहून गेला होता. माझ्या लग्नाच्या आधीची, अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. आमचे हे (नाव लिहायची वेळ आलीच आहे तर एकदाच लिहिते, नवलमल) तेव्हा सतरा वर्षांचे आणि जालन्याला मामांकडे होते. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन सुरू झाली, गाड्या बंद पडल्या, आणि सहा दिवस मुलाची काही खबर नाही. सासूबाईंनी हात जोडून बोलून टाकलं, "पोरगा सुखरूप घरी आला तर पालीताण्याचा डोंगर माझ्या पायांनी चढेन, आणि परत खाली येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाही."

सातव्या दिवशी भर दुपारी दुकानाच्या पायरीशी ख्वाजामियाँ येऊन उभे राहिले. ते परतूर-मंठा डाकेचे हरकारे, म्हणजे टपालाची थैली खांद्यावर टाकून पायी पोचवणारे. कामासाठी जालन्याला गेले ते तिथेच अडकले होते, आणि रुळांच्या कडेकडेने अठ्ठावीस मैल चालत परत आले होते. त्या दिवसांत रस्ता कुणालाच धड नव्हता, आणि मुसलमान माणसाला तर मुळीच नव्हता. त्यांनी टोपीतून चिठ्ठी काढली. 'मी खुशाल आहे,' एवढंच तीत होतं. मग त्यांनी पाणी मागितलं. सासूबाई पडद्याआडून बाहेर आल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांनी पाणी दिलं, म्हणजे रीतीप्रमाणे वरून त्यांच्या ओंजळीत ओतलं. भांडं त्यांच्या हाती दिलं नाही. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही. मला ही गोष्ट सांगणाऱ्यांनाही खटकलं नव्हतं.

मुलगा घरी आला, आम्हा जैनांच्या तीर्थाचा तो डोंगर काठेवाडातच राहिला, आणि आठ वर्षं निघून गेली. छप्पन्न सालच्या पावसाळ्यात यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी उतरला. डॉक्टरांनी त्याला टायफॉईड म्हटलं. सासूबाईंनी तगादा म्हटलं. नवस फेडला नाही तर पुढच्या वेळी ताप उतरणार नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं. त्यांना कोण समजावणार? आणि खरं सांगायचं तर, नवरा माझा होता. मलाही भीती वाटतच होती.

त्याच वर्षी सासूबाईंच्या जाऊबाईंनी, धापूबाईंनी, वर्षीतप धरलं होतं. एक दिवस कडक उपवास, एक दिवस जेवण, असं तेरा महिने. त्याचं पारणं पुढच्या अक्षय्य तृतीयेला पालीताण्याला करायचं आणि सगळ्या घरानं जायचं, असं दिवाळीत ठरलं. धापूबाई आधीच काटकुळ्या, त्यात उपवास. त्यांनी मोठ्या मायेनं विचारलं, "सायर, तुझ्यासाठी डोली सांगून ठेवू का? जरा दणकट बघून?"

"मी चालत जाणार," सासूबाई म्हणाल्या.

"अकरा पायऱ्यांत एक मुक्काम," सासरे म्हणाले. "तिथं साडेतीन हजार पायऱ्या आहेत. वाटेत धर्मशाळा बांधाव्या लागतील. नवस डोलीतून फेडला तरी चालतो, महाराजांना विचार हवं तर."

सासूबाईंनी महाराजांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला घेऊन त्या गावाच्या कडेच्या जुन्या बारवेवर गेल्या. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आमच्या बारवेला वरपासून पाण्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या. रागाच्या भरात त्या नऊ वेळा उतरल्या आणि नऊ वेळा चढल्या. मग त्यांना छकड्यात घालून घरी आणावं लागलं. चार दिवस मी तिळाच्या तेलानं त्यांचे पाय चोळत होते आणि सासरे दाराशी येऊन विचारत होते, "पालीताणं आलं का?"

पाचव्या दिवशी मी ख्वाजामियाँकडे गेले. मी त्यांना चाचा म्हणायची. बारवेला लागूनच त्यांचं घर. डाक मोटारीनं जायला लागून तीन वर्षं झाली होती, आणि चाचा दिवसभर लिंबाखालच्या ओट्यावर बसून स्वतःच्या पायांकडे बघत असत. त्यांची बायको, रहिमाबी, म्हणायची, "ते पाय बसून बसून मला शिव्या देऊन राह्यलेत."

मी सगळं सांगितलं. चाचा हसले.

"पैल्याच दिवशी नऊ? बहू, मी पैल्यांदा मंठ्याला गेल्तो, तवा जोशात पळत गेल्तो. दोन दिवस डाक तिथंच पडून होती, अन् मी तिच्यावर."

"मग काय करायचं?"

"किती दिवस हाय?"

"साडेपाच महिने."

"मंग घाई बिलकुल करायची न्हाई. जल्दी करणाऱ्याला साडेपाच वर्षंबी पुरत न्हाईत."

आता अडचण होती ती पडद्याची. सासूबाई घुंघट ओढून बसणाऱ्या, परपुरुषाशी अक्षर न बोलणाऱ्या. त्यांना चढताना चाचांनी बघायचं कसं, आणि चाचांनी सांगायचं ते त्यांनी ऐकायचं कसं? तोड चाचांनीच काढली. ते ओट्यावर बारवेकडे पाठ करून बसणार. सासूबाई चढणार-उतरणार. ते फक्त ऐकणार, आणि जे काय सांगायचं ते मला सांगणार. मध्ये मी, म्हणजे डाकेची थैली.

पहिल्या दिवशी त्यांनी तीनच फेऱ्या सांगितल्या. सासूबाईंना तो अपमान वाटला.

"अन् बोलत चढायचं," चाचा म्हणाले. "ज्या पायरीवर बोलणं तुटंल, तिथं थांबायचं. श्वास मालक हाय, पाय नोकर. नोकर मालकाच्या फुडं गेला की घर बुडलं. मी पंचवीस वर्षं हरकारा होतो, पर धावलो न्हाई कधी. एवढा चाललो, की लोकांला वाटायचं धावून राह्यला."

"काय बोलू?" सासूबाईंनी मला कानात विचारलं.

मी तो प्रश्न चाचांना पोचवला. ते जरा विचार करून म्हणाले, "जे रोज बोलता ते."

सासूबाई रोज काय बोलायच्या? रागवायच्या. झालं! बेचाळीस पायऱ्यांवर आमच्या घराची लक्तरं वाळत पडायला सुरुवात झाली. सासरे जेवताना बोटं कशी चाटतात, मी भाजीत मीठ कसं दोनदा घालते, धापूबाई उपवासाच्या आदल्या दिवशी किती खातात, सगळं चढताना ऐकू यायचं. पाणी भरायला आलेल्या बायका हंडा भरून झाला तरी रेंगाळायच्या. मी मान खाली घालून चिंचोक्यांनी फेऱ्या मोजायची. आणि चाचा? ते पाठ करून ऐकत असायचे, की वाक्य पुरं होतं की तुटतं. वाक्यात काय होतं ते त्यांनी साऱ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नाही.

एक दिवस चढायचं आणि एक दिवस आराम, हा त्यांचा कायदा. दर आठवड्याला पाच-सहा फेऱ्या वाढवायच्या, आणि तीन आठवडे वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात कमी करायच्या. हे कमी करणं सासूबाईंना बिलकुल मान्य नव्हतं. "पुढं गेलेलं माणूस मागं कशाला येईल?" असं त्यांनी विचारायला लावलं.

"मोट वर येती ती खाली जाऊनच ना?" चाचा म्हणाले. "वरच्या वर लटकवून ठेवली तर पाणी कुठून येईल?"

धापूबाई एक दिवसाआड जेवायच्या, सासूबाई एक दिवसाआड चढायच्या. सासरे म्हणायचे, माझ्या घरात आता कुठलीच गोष्ट रोज होत नाही.

पौषात एके दिवशी सासरे माडीवर बसून चोरून घेवर खात होते. सासूबाई नेहमी सहाव्या पायरीवर थांबतात, तेवढ्यात खायचं ते खाऊन तोंड पुसता येतं, हा त्यांचा जुना बंदोबस्त. त्या दिवशी सहाव्या पायरीवरून कुणी रागवलं नाही. सासूबाई थेट त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि श्वास लागला तो सासऱ्यांनाच. त्यानंतर त्यांनी धर्मशाळेचं नाव काढलं नाही.

माघात मात्र घात झाला. धापूबाई म्हणाल्या, "एक दिवस चढायचं, एक दिवस लोळायचं. याला कुणी तपस्या म्हणत नाहीत." झालं, आरामाच्या दिवशी सासूबाईंनी मला शपथ घातली आणि दुपारी, चाचा नमाजाला गेलेले बघून, पंधरा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच पायऱ्या झाल्या असतील, चाचांनी हात वर केला.

"थांबा. काल चढल्या होत्या."

"नाही, चाचा," मी म्हटलं. शपथ होती ना!

"डावी कडी उशिरा वाजून राह्यली. गुडघा सुजला असंल. बघा."

सुजलेलाच होता.

"सेठाणीजीला सांगा," चाचा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, "पाय चढताना बनत न्हाई, आराम करताना बनतो. तो आत बनून राह्यला होता, अन् तुम्ही त्याला झोपेतून उठवून कामाला लावलं. आता आठ दिवस घरी."

सासूबाई आठ दिवस मुकाट घरी बसल्या. त्यांना कुणी रागवलेलं मी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

फाल्गुनाअखेर त्या सत्तर फेऱ्यांवर पोचल्या. चाचांचा हिशोब सरळ होता. बेचाळीस पायऱ्या चौऱ्याऐंशी वेळा चढल्या की साडेतीन हजार, म्हणजे तुमचा डोंगर. चौऱ्याऐंशीचा आकडा ऐकून सासूबाई हरखल्या. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे बारवेतच आटोपताहेत असं त्यांना वाटलं असणार. मी घरून गाळून उकळलेलं पाणी लोट्यात न्यायची. चाचांचं सांगणं होतं की दर पाच फेऱ्यांनी पाणी घ्यायचं, तहान लागायच्या आधी, आणि घोट घोट घ्यायचं, एकदम नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला रमजान लागला. चाचा सहेरी करून ओट्यावर येऊन बसायचे. आता सूर्य मावळेपर्यंत त्यांना पाण्याचा थेंब नाही. आणि त्यांच्या पाठीमागे सासूबाई दर पाच फेऱ्यांनी लोटा तोंडाला लावायच्या. पाणी पितानाही त्यांचा आवाज कमी नसे. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या कानात म्हणाल्या, "आज लोटा झाकून ठेव. माणसाचा रोजा आहे. बरं दिसत नाही."

सत्तर फेऱ्या सहज करणारी बाई त्या दिवशी अडतिसाव्या फेरीला बसली.

"कडी का थांबली?" चाचांनी विचारलं.

"त्यांनी पाणी घेतलं नाही आज."

"का?"

"तुमचा रोजा म्हणून."

"रोजा माझा हाय, त्यांचा न्हाई. पाणी द्या त्यांना. असं डोंगरावर केलं तर कसं व्हायचं?"

"डोंगरावर तर पाणी घ्यायचंच नाही, चाचा," मी म्हटलं. "नवसच तसा आहे. खाली येईपर्यंत थेंब नाही."

चाचांची मान वळली. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा, आणि तीही अर्धीच. मग त्यांनी ती पुन्हा समोर केली.

"हे आज सांगून राह्यल्या?"

सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पायऱ्या चाचांच्या खात्यात आणि पाणी देवाच्या खात्यात, अशी आमची वाटणी होती. दोन्ही खाती एकाच बाईच्या अंगात आहेत हे ना सासूबाईंना सुचलं, ना मला. घरात सगळ्यांना नवस तोंडपाठ होता. ज्याला माहीत असायला हवा होता तो एकटाच माणूस राहून गेला होता. निघायला तेवीस दिवस उरले होते.

सासूबाई खालच्या पायरीवर बसून होत्या. घुंघटाआडून हुंदका आला. "सांग त्यांना," त्या मला म्हणाल्या, "की माझ्या पोराचा जीव त्या पाण्यात आहे."

मी सांगितलं.

"चूक माझी हाय," चाचा म्हणाले. "पंचवीस वर्षं रोजे ठेवून डाक नेली, मे महिन्यातबी. मी इचारायला पायजे होतं. आता ऐका. उद्यापासून तोंड बंद."

"म्हणजे?"

"बोलायचं न्हाई. तोंड उघडलं की आतलं पाणी उडून जातं. नाकानं श्वास घ्यायचा. नाकाला जेवढा श्वास पुरंल तेवढीच चाल. अन् दमल्यावर न्हाई, दमायच्या आधी बसायचं."

फेऱ्या एकदम वीसवर आल्या, बिनपाण्याच्या. मग पंचवीस, मग तीस. चढायच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दिवसभर घोट घोट पाणी पिऊन घ्यायचं. शेवटच्या घटकेला हंडा पालथा करायचा नाही. बारवेवर एकाएकी शांतता पसरली. पाणी भरणाऱ्या बायका हिरमुसल्या, एकीनं तर मला गाठून विचारलं, "तुमच्या सासऱ्याच्या दाढेचं फुडं काय झालं?"

आता चाचांना ऐकायला फक्त कड्या उरल्या होत्या. एका सकाळी त्यांनी मलाही बारवेकडे पाठ करून बसायला लावलं.

"डोळे मिटा, बहू. डावी, उजवी. बराबर पडून राह्यली का?"

"हो."

"आता?"

मला काहीच फरक कळला नाही. "डावी लांबली," ते म्हणाले. "ऐका. तिथं मी न्हाई राहणार. थांबवायचं का चालवायचं, हे तुम्हाला ठरवावं लागंल. त्या सोता थांबणार न्हाईत."

दहा-बारा दिवसांनी मलाही ऐकू यायला लागलं. इतकी वर्षं ज्या कड्यांच्या आवाजानं मी घाबरून कामाला लागायची, त्या मी आता कान लावून ऐकत होते.

छप्पन्न फेऱ्यांपर्यंत बिनपाण्याचं जमलं. आणि निघायला आठ दिवस राहिले असताना चाचांनी दहावर आणलं, मग पाचवर, मग बंदच. सासूबाईंनी धीर सोडला. "त्यांचा माझ्यावरचा भरवसा उडाला. अठ्ठावीस फेऱ्या अजून बाकी आहेत आणि हे मला बसवून ठेवतात."

"त्या डोंगरावर होतील," चाचा म्हणाले. "शर्यतीच्या आदल्या दिवशी बैल जोतत न्हाईत."

हा निरोप मी शब्दशः पोचवला, ही माझी चूक. बैल म्हटल्याबद्दल सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तीन गाड्या बदलून आम्ही पालीताण्याला पोचलो. अक्षय्य तृतीयेला उजाडता उजाडता पायथ्यापासून निघालो, अनवाणी. तेरा महिन्यांच्या तपानं थकलेल्या धापूबाई डोलीत होत्या, आणि त्यांना कुणी हसू नये. मीही हसले नाही. सासूबाई तोंड मिटून चालत होत्या. जिनं माडीच्या पायऱ्याही वर्षानुवर्षं रागवत चढल्या होत्या ती बाई हजार पायऱ्या एक शब्द न बोलता चढली. अर्ध्यावर सासऱ्यांनी डोली केली. "भाभींना सोबत म्हणून," ते म्हणाले. सासूबाईंना यावर केवढं बोलायचं होतं ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण पाणी वाचवायचं होतं.

सूर्य वर आला, दगड तापले. शेवटचा उभा चढ राहिला असताना सासूबाई थांबल्या. त्यांनी तिथला कठडा धरला. घुंघट मागे सरला होता, ओठ पांढरे पडले होते. वाटेत उकळलेलं पाणी घेऊन बसलेल्या एका बाईनं त्यांच्यापुढे वाटी धरली. सासूबाईंनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना रागवता येत नव्हतं, रडता येत नव्हतं. मला वाटलं, पाजावं आणि संपवावं हे सगळं. नवस गेला चुलीत. मग यांचा तापानं फणफणलेला चेहरा डोळ्यांपुढे आला.

मी सासूबाईंना सावलीत बसवलं. पुष्कळ वेळ बसवलं. मग म्हटलं, "दहा पायऱ्या चढा. मी ऐकते." आणि त्यांच्याकडे पाठ करून डोळे मिटले. वाटेवरच्या यात्रेकरूंच्या गलक्यात आधी काही ऐकू येईना. मग कडी वाजली. उजवी. डावी. उजवी. डावी. मी दहापर्यंत ऐकलं. डावी एकदा जरी लांबली असती तर मी नवस मोडला असता आणि पाप माझ्या माथी घेतलं असतं. ती लांबली नाही.

"चला," मी म्हटलं.

त्या चढल्या. दर्शन घेतलं, उतरल्या, आणि उतरताना गुडघ्यांनी त्यांचे हाल केले तरी कठडा धरून पायथ्यापर्यंत आल्या. यांनी, म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांनी, पाण्याची वाटी आईच्या हातात दिली. सासूबाई ती वाटी दोन्ही हातांत धरून बघतच राहिल्या.

"पी ना, आई."

"बिनणी," सासूबाई मला म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "तो माणूस अठ्ठावीस मैल चालून आला होता, पोराची चिठ्ठी घेऊन. त्यानं पाणी मागितलं. मी वरून ओतलं."

मग त्या प्यायल्या, आणि वाटेत पुन्हा त्याबद्दल बोलल्या नाहीत.

परतूरला आल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. मला वाटलं, आता रोजच बारव की काय! ईद होऊन गेली होती. चाचा लिंबाखाली आपल्या जागेवर बारवेकडे पाठ करून बसले होते. कड्या ऐकून म्हणाले, "आल्या. दोन्ही पाय बराबर हाय, बहू. शाबास."

सासूबाई बारवेजवळ थांबल्या नाहीत. चाचांच्या ओट्यावरून पुढे गेल्या आणि त्यांच्या घराच्या दाराशी उभ्या राहिल्या. रहिमाबी अंगण झाडत होती.

"रहिमाबी, पाणी द्या प्यायला," सासूबाई म्हणाल्या.

रहिमाबीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. ती आत जाऊन कटोरा भरून घेऊन आली आणि आमच्या लोकांना जसं द्यायचं असतं तसा तिनं तो वर धरला, ओंजळीत ओतायला. सासूबाईंनी ओंजळ केलीच नाही. हात पुढे करून कटोरा तिच्या हातातून घेतला, घुंघटाची कड उचलली आणि ओठांना लावला. पाणी गाळलेलं होतं की नाही, उकळलेलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. नंतर धापूबाईंनी मला विचारलं, तेव्हा मला ऐकूच आलं नाही. रहिमाबी पदर तोंडाला लावून उभी होती. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

लिंबाखालून, पाठ न वळवता, चाचांचा आवाज आला.

"घोट घोट, सेठाणीजी. एकदम न्हाई."

सासूबाईंनी कटोरा खाली केला. सवयीनं मी निरोप घ्यायला कान पुढे केला. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं.

"घोट घोटच पिऊन राह्यले, ख्वाजाभाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येऊन राह्यलं न्हाई का?"